चोआच्या फाटकासमोर

राजांच्या फेरीचा मार्ग दर वर्षी लाल कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला डकवतात. यंदाचा कागद होंगने तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तोंडातली सुपारी त्याने तिथेच, भिंतीच्या पायथ्याशी थुंकली. देवळाच्या आवारात थुंकण्याची त्याच्या सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यातली ही पहिली वेळ.

नवव्या ओळीत लिहिलं होतं: चोआ धातू कारखाना, मुख्य फाटक. पालखी अर्धा तास बसेल. फाटकाला राजांचा शिक्का लागेल.

सुआबोए हे तैवानच्या दक्षिण किनाऱ्यावरचं अडीचशे घरांचं गाव. गावाचा धंदा कालवांचा आणि गावाचा देव ची राजे. राजे मुळात साधे अंमलदार होते. विहिरींत टाकायला विषाची पुडी घेऊन निघालेले रोगराईचे दूत त्यांना स्वप्नात भेटले, तेव्हा त्यांनी ती पुडी हिसकावली आणि स्वतःच गिळली. गाव वाचलं, राजे गेले. म्हणून मूर्तीचा चेहरा काळाठिक्कर आहे आणि डोळे खोबणीतून बाहेर आलेले. ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असते. त्या राजांना आता चोआच्या दारात नेऊन बसवायचं होतं.

चोआ जिनतेक हा देवस्थान समितीचा अध्यक्ष. त्याच्या कारखान्यात जुन्या तारा आणि भंगारातल्या पट्ट्या आम्लात बुडवून तांबं सोडवतात. उरलेलं पाणी मागच्या नाल्याने खाडीत जातं. तीन वर्षांपूर्वी खाडीतल्या कालवांच्या आधी कडा हिरव्या झाल्या, मग मांस. बाजारातल्या दलालाने होंगच्या टोपलीत बघून विचारलं होतं, "रंग दिलास की काय रे?"

लष्करी कायदा उठून वर्ष झालं होतं, त्यामुळे लोक जरा धीट झाले होते. एकशे बारा घरांनी जिल्हा कचेरीच्या नावे तक्रारअर्ज लिहून त्यावर नावाचे शिक्के उमटवले होते. अर्ज होंगच्या घरी ठेवला होता आणि मंगळवारी द्यायचा होता. राजांची फेरी रविवारी होती.

आणि रिवाज असा की फेरीत ज्या दाराला राजांच्या शिक्क्याचा कागद लागतो, ते दार पुढचं वर्षभर राजांच्या छत्राखाली. त्या दाराविरुद्ध तक्रार म्हणजे राजांविरुद्ध तक्रार. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि आजवर कुणी मोडलेलाही नाही. या एका शिक्क्यापायी भावाभावांनी बांधाचे खटले मागे घेतले होते.

होंग घरी आला तेव्हा त्याची बायको ग्वात गल्लीच्या तोंडाशी चौरंगावर बसून कालवं फोडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वाचलंस?"

"वाचलं."

"सकाळपासून सात जण येऊन गेले. चहा प्यायले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मग म्हणतात कसे, वहिनी, आमचा शिक्का जरा खोडायचा होता. राजांपुढे आपण कोण?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, राजांनी विष गिळलं होतं. विषवाल्याच्या घरी पाहुणचार नव्हता घेतला." तिने सुरी शिंपल्याच्या फटीत घातली आणि मनगट वळवलं. "ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी. आणि शिक्के खोडून गेले."

तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची सालं निघाली होती. पूर्वी हिवाळ्यात तिचे हात फुटायचे, चार दिवसांत भरून यायचे. आता ते भरत नव्हते. डॉक्टरने मलम दिलं होतं आणि पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलं होतं. कालवं फोडणाऱ्या बाईला.

होंग बावीस वर्षं राजांच्या पालखीचा पुढचा डावा दांडा धरत होता. त्याआधी तो दांडा त्याच्या बापाच्या खांद्यावर होता. बापाने त्याला एकच गोष्ट शिकवली: हात मेलेले ठेवायचे. पालखी चौघे उचलतात, पण नेतात राजे. ती डोलते, मागे येते, कुणाच्या दारात अडून बसते, ते सगळं राजांच्या मर्जीने. भोयाने आपली इच्छा, आपला रागलोभ घरी खुंटीला टांगून यायचं. जो ढकलतो त्याचे हात कुजतात, असं बाप म्हणायचा.

होंगने ग्वातच्या हातांकडे पाहिलं. तिने तर कधी पालखीला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तो तसाच उलट्या पावली देवळात गेला. ताओ पंथाचे पुजारी सू गुरुजी बाजूच्या खोलीत पिवळे मंत्रकागद कापत बसले होते. त्यांच्या घरात नऊ पिढ्यांची पुजारीपणाची सनद होती आणि नाकावरच्या चष्म्याला चिकटपट्टी.

"गुरुजी, नववी ओळ कुणी घातली?"

"समितीने."

"आणि लिहिलीत तुम्ही."

"मी लेखनिक आहे रे बाबा. समिती यादी देते. मी सुवाच्य अक्षरात उतरवतो, शिक्का मारतो, एक प्रत जाळतो. वर पोचली की माझं काम संपलं."

"पोचली?"

"गुरुवारी सकाळीच. धूर अगदी सरळ गेला."

"मग दुसरा कागद पाठवा. नववी ओळ रद्द म्हणून."

गुरुजी हसले. "वरची कचेरी काय तुझ्या मामाची आहे? आपल्या जिल्हा कचेरीत घरपत्रकातलं एक नाव बदलायला तीन खेटे पडतात. वर तर छत्तीस मजले आहेत."

"कालवं हिरवी झालेली तुम्हाला दिसतात की नाही?"

"दिसतात तर. मी खायची सोडली."

होंगच्या कानशिलांत रक्त चढलं. "तुम्ही खायची सोडली! वा! आम्ही काय करायचं, काढायची सोडायची?"

"ओरडू नकोस, आत राजे आहेत." गुरुजींनी कात्री खाली ठेवली. "आ-होंग, तू भोई आहेस. तुला मी काय सांगायचं? जे आपोआप होतं ते होऊ द्यावं. ढकलाढकली केली की बिघडतं. उभं आयुष्य तू ह्याच शिस्तीत काढलंस."

"म्हणजे नाल्यातलं पाणीसुद्धा आपोआपच खाडीत जातं, असं म्हणायचं?"

 गुरुजींनी पुन्हा कात्री उचलली. ते कापत होते तो कागद फाटकावर लावायचा होता, हे होंगला त्याच्या मापावरून कळलं. घरांच्या दारांना लागतो तो वीतभर असतो. हा हातभर होता.

रविवारी सकाळी सात वाजता फेरी निघाली. सहाव्या महिन्याचं ऊन, वारा पडलेला. पुढे झेंडे आणि ढोल, मग सू गुरुजी, मागे राजांची पालखी. पालखीला चौघे: पुढे डावीकडे होंग, उजवीकडे बोसान, मागे गो घराण्यातले दोघे भाऊ, दोघेही कालववाले. राजांच्या आशीर्वादासाठी बाया रस्त्यात रांगेने ओणव्या होत होत्या आणि पालखी त्यांच्या पाठींवरून जात होती.

बोसान तिशीचा होता, खांद्याने रुंद. सहा वर्षं तो होंगच्या जोडीला होता आणि आठ वर्षं चोआच्या कारखान्यात आम्लाच्या टाक्यांवर. सातव्या थांब्यावर उसाचा रस घेताना तो होंगशेजारी येऊन उभा राहिला.

"होंगदादा, काही वेडंवाकडं मनात आणू नका."

"माझ्या मनात काय आहे ते तुला काय ठाऊक?"

"दांडा सांगतो. सकाळपासून तुमची बाजू जड लागतेय."

"आणि तुझी बाजू कुठली रे?"

"माझी उजवी," बोसान म्हणाला. मग हसायचं राहून गेलं. "फाटक बंद झालं तर बेचाळीस माणसं घरी बसतील. त्यातला पहिला मी. माझ्याकडे खाडीत कालवं वाढवायचे मांडव नाहीत, दादा. आई आहे, गुडघे धरून बसलेली."

"माझ्याकडे मांडव आहेत. त्यांचं काय करू, तूच सांग."

बोसानने पेला उपडा केला आणि तो आपल्या दांड्याकडे गेला.

पालखी कारखान्यापाशी पोचली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती. फाटकाबाहेर लांब टेबल मांडलं होतं. त्यावर भाजलेलं अख्खं डुक्कर, फळांचे डोंगर, थंड सरबताच्या बाटल्यांचे खोके. कामगार दोन रांगांत उभे. चोआ पांढऱ्या सदऱ्यात, हातात तीन उदबत्त्या, चेहऱ्यावर लग्नघरच्या यजमानाचं हसू. फाटकाच्या आत एक भरलेला ट्रक उभा होता. दुपारी बंदरावर जायचा होता.

फटाक्यांची माळ लागली. धुरात पालखी डोलायला लागली, नेहमीसारखीच. चार माणसं, चार श्वास, आणि मधे कुणाचंच नसलेलं ते वजन. होंगला हे डोलणं ओळखीचं होतं. बावीस वर्षं त्याने त्यात स्वतःला विरघळू दिलं होतं.

आज त्याने दात आवळले आणि ढकललं.

पालखी फाटकापासून हातभर बाजूला सरकली. लगेच उजवीकडून जोर आला आणि ती पुन्हा फाटकाकडे वळली. होंगने पाहिलं. बोसान त्याच्याकडेच बघत होता. म्हणजे तोही ढकलत होता. दोघांनाही कळलं आणि दोघांपैकी कुणीच थांबलं नाही. पालखी गरगर फिरू लागली. लोकांनी असं कधी पाहिलं नव्हतं. "आले! राजे अंगात आले!" ओरड उठली, ढोल भरभर वाजू लागले. दांडा होंगच्या खांद्याचं कातडं सोलत होता. त्याला दिसत होते ते हिरवे शिंपले आणि तो हातभर कागद. बोसानचा पाय घसरला, तेवढ्यात होंगने सगळा राग खांद्यात ओतला. पालखी सुटली आणि कारखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीलगत धावत निघाली. मागचे दोघे भाऊ फरफटत तिच्यामागे.

तीस पावलांवर नाला होता. पालखी काठावर थडकून थांबली. पुढच्या दांड्यांची टोकं खाली झुकून पाण्यात गेली, वर आली, पुन्हा गेली. काठच्या चिखलात त्यांनी वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. पाणी निळसर हिरवं होतं आणि त्यावर साय धरली होती.

सगळं गाव धावत आलं आणि काठाशी थांबलं. नाला सगळ्यांनी आधी पाहिलेला होता. पण तो राजांनी दाखवला नव्हता.

"राजांनी बोट दाखवलं," मागून कुणीतरी म्हणालं. मग दुसरं. मग बरेच जण. होंग धापा टाकत होता. मिनिटभर, फार तर दीड मिनिट, तो जिंकला होता.

मग चोआ आला. तो चिडलेला नव्हता. त्याने घाम पुसला आणि खिम काकांकडे पाहिलं.

खिम काका बहात्तर वर्षांचे. पालखीच्या दांड्याने ओढलेल्या रेघा वाचून राजांचं म्हणणं सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या धाकट्या मुलाला मागच्या साली चोआने कारखान्याच्या कचेरीत घेतलं होतं. काका ओणवे झाले, चिखल बराच वेळ पाहिला, आणि उठून मोठ्याने म्हणाले:

"राजे म्हणतात, पूर्वी एकदा गिळलं, आज पुन्हा गिळलं. या नाल्यातलं विष आता माझ्या पोटात आहे. पाणी निवळलं. निर्धास्त राहा."

 मग एक म्हातारी तिथेच चिखलात गुडघ्यांवर आली. तिच्या मागे आणखी दहा. काहीजण रडत होते. खरंच तर होतं, राजांनी आणखी काय केलं असतं? त्यांनी पूर्वीही हेच केलं होतं. कुणीतरी टेबलावरून सरबताची बाटली आणली, सरबत ओतून दिलं, आणि नाल्याचं पाणी भरून घेतलं. राजांचा स्पर्श झालेलं पाणी. मग सगळेच बाटल्यांकडे धावले.

"राजांची कृपा!" चोआ म्हणाला. "आता कसली तक्रार आणि कसली कचेरी!"

"मी ढकलली!" होंग ओरडला.

पालखी खांद्यावर होती. ती सोडली तर राजे नाल्यात पडले असते. जागच्या जागी, दांड्याला जुंपलेल्या बैलासारखा उभा राहून तो ओरडला, "ऐका! राजे नव्हते, मी होतो! मी मुद्दाम ढकलली! पाणी आहे तसंच आहे! भरू नका ते!"

लोक थबकले. बावीस वर्षांच्या भोयाने असं म्हणावं, ही गोष्ट ऐकायलासुद्धा पाप होतं. खिम काका मात्र जवळ आले आणि लहान मुलाला समजवावं तसे बोलले.

"ढकललीस ना? बरं. पण तुला ढकलायला लावलं कुणी?"

"माझ्या रागाने!"

"आणि बावीस वर्षांत एकदाही न आलेला राग आजच कसा आला? इथेच कसा आला? हात तुझे असतील आ-होंग, पण आतला राग राजांचाच होता. तुला काय कळणार? भोयाला कधी कळतं का?"

"मला कळतंय! माझं डोकं ठिकाणावर आहे!"

"तुला एवढं डोकं असतं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तर बापाने तुला दांड्याऐवजी शाळेत नसतं का घातलं?" सगळे हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता, आणि तेच होंगला जास्त झोंबलं. आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्याने विश्वास ठेवला, तीच आता त्याच्या तोंडावर हात दाबून उभी होती. भोयाचे हात मेलेले असतात. मेलेल्या हातांच्या माणसाची साक्ष कोण काढणार?

ग्वात गर्दीत घुसून एकेकीच्या हातातली बाटली ओढत होती. "माझे हात बघा! अगं, माझे हात बघा!" बाया तिला बाजूला सारत होत्या. "आता बरे होतील गं. ह्याच पाण्यात बुडव."

चोआने हात वर केला. "चला, राजांना फाटकापाशी घ्या. शिक्का राहिलाय."

पालखी परत फिरली. होंगने ढकलून पाहिलं, पण या वेळी उरलेले तिघे आणि सगळी गर्दी तिला रेटत होती. सू गुरुजी हातभर कागद आणि खळीची वाटी घेऊन पुढे चालले. फाटकासमोर, रस्त्याच्या ऐन मधोमध, पालखी वळायला लागली, तेव्हा बोसानला त्याची आई दिसली.

ती रस्त्याकडेला दगडावर बसली होती. बाटलीतलं पाणी तिने आधी दोन्ही गुडघ्यांना चोळलं. मग बाटली कपाळाला लावली, डोळे मिटले आणि तोंडाकडे नेली.

बोसानने दांडा सोडला.

चालत्या पालखीचा दांडा कुणी सोडल्याचं सुआबोएत कुणाला आठवत नाही. पालखी उजवीकडे कलंडली. होंग आणि मागचे दोघे तिच्या ओझ्याने खाली गेले आणि ती धाडकन रस्त्यावर टेकली. आतल्या मूर्तीचा मुकुट हलला. तोवर बोसानने आईच्या हातावर फटका मारला होता आणि बाटली डांबरावर फुटली होती.

"थुंक! आई, आधी थुंक! गिळलंस?"

"अरे, काय करतोस? राजांनी गिळलंय ना सगळं..."

"राजांनी काही गिळलेलं नाही!" बोसानचा आवाज चिरकला. त्याने आईचं तोंड सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसलं आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं. "आज पहाटे चार वाजता मी पाच नंबरची टाकी सोडली. ह्या हातांनी. अध्यक्षसाहेब म्हणाले, आज फेरी आहे, लोक यायच्या आत सोड. उद्या पहाटे पुन्हा सोडणार आहे. परवाही. आठ वर्षं रोज सोडतोय. माझा रबरी बूट चार महिने टिकत नाही त्या पाण्यात. राजे किती गिळतील? रोज गिळतील का? तुम्ही द्याल तेवढं गिळतील?"

 मग रस्त्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला. एक बाटली, मग दुसरी. ज्यांनी घरच्यांसाठी भरून घेतल्या होत्या, त्यांनी त्या गटारापाशी नेऊन पालथ्या केल्या आणि हात अंगच्या कपड्यांना पुसले. एकीने मुलीला कडेवर घेऊन नळाकडे धाव घेतली.

"बोसान," चोआ म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्यापासून कशाला? आजपासूनच की."

चोआ सू गुरुजींकडे वळला. त्याचा आवाज अजून खाली होता, पण मानेच्या शिरा टरारल्या होत्या. "राजे उन्हात बसलेत. उचला आणि आत घ्या."

पण पालखी जमिनीला टेकली होती. फेरीत ती टेकली की राजांच्या संमतीशिवाय उचलायची नाही. कौल लावायचा. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर. वर एक सपाट आणि एक फुगीर बाजू आली तर होकार. तो सलग तीनदा यावा लागतो.

गुरुजींनी गुडघे टेकले. कौल कपाळाला लावून टाकले. दोन्ही फुगीर. नकार.

पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही फुगीर.

तिसऱ्यांदा दोन्ही सपाट पडून डुगडुगत राहिले. म्हणजे राजे हसत होते, होकार नव्हता.

"आणखी एकदा," चोआ म्हणाला. आतल्या ट्रकने भोंगा वाजवला. पालखी फाटकाच्या बरोबर समोर होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना ट्रक निघेल एवढी जागा नव्हती. "गुरुजी, आणखी एकदा. नीट टाका."

गुरुजींनी कौल हातात घेतले आणि तसेच थांबले. नऊ पिढ्यांचा हात होता. कौल कसे सोडले की कसे पडतात, हे त्या हाताला ठाऊक नसेल असं गावात कुणीच मानत नव्हतं. ते कधी बोलून दाखवायचं नाही, एवढंच. गुरुजींनी चोआकडे पाहिलं, मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तीनदा विचारलं," ते म्हणाले. "दिवसाला तीनच. आता उद्या."

"उद्या? माझी गाडी आज बंदरावर जायचीय!"

"ते मी वर कळवीन. कागद लिहून द्या."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. चोआने ते ऐकलं. मग तो होंगसमोर येऊन उभा राहिला. "आ-होंग. तू म्हणालास ना, राजे नाहीत, तूच आहेस म्हणून? मग उचल. चौघांनी मिळून दहा पावलं सरकवा. कौलबिऊल काही लागत नाही मग."

होंगचा खांदा सोलवटून सदरा लाल झाला होता. क्षणभर त्याला वाटलं, आता ठेवून द्यावी ह्याच्या कानाखाली. हात उचललाही गेला. मग त्याने तो खाली घेतला आणि चोआपुढे दोन्ही तळवे पसरले.

"हात माझे नाहीत म्हणे. अर्ध्या तासापूर्वीच ठरलं, सगळ्यांसमोर. विचारा खिम काकांना."

खिम काकांनी मान दुसरीकडे वळवली.

"मागचे दोघे या," चोआ गो भावांना म्हणाला. ते जागचे हलले नाहीत. "कामगार! चार जण इकडे!" कामगारांच्या दोन रांगा उभ्या होत्या. त्यातला एक पुढे सरकला, राजांच्या काळ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलं आणि तो परत रांगेत गेला.

ग्वात पालखीपाशी आली. होंगला वाटलं ती काही म्हणेल. तिने नुसती टेबलावर सावलीला लावलेली एक छत्री ओढून आणली आणि राजांवर सावली धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी दुसरी बाई येऊन उभी राहिली, मग बोसानची आई, गुडघे धरत. ती खालीच बसली, पालखीच्या दांड्याला पाठ लावून, भर रस्त्यात.

"आजी, उन्हात काय बसता?" चोआ म्हणाला.

"राजे बसलेत," म्हातारी म्हणाली. "मी काय त्यांच्यापेक्षा मोठी लागून गेले?"

होंग रस्त्यात उभाच होता. राग गेला नव्हता. तो चोआवर होता, खिमवर होता, ज्यांनी बाटल्या भरल्या त्या सगळ्यांवर होता. कौल नऊ पिढ्यांच्या हाताने पाडले की आणखी कुणी, हे त्याला माहीत नव्हतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते माहीत करून घ्यावंसं वाटत नव्हतं. पालखी फाटक अडवून बसली होती. एवढं त्याला पुरे होतं.

आतल्या ट्रकने आणखी दोनदा भोंगा वाजवला. मग ड्रायव्हरने काच खाली करून मान बाहेर काढली, समोर कोण बसलंय ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं.